बसली गाडी

"मग काकांना एकदा घेऊन या," असं काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि जयवंताबाई "बरं" म्हणाल्या. बरं म्हणताना त्यांनी मानही हलवली, पासबुक पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन लावली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली. जणू काका घरी पेपर वाचत बसले होते आणि उद्या सकाळी अंघोळ करून येणार होते. खरं म्हणजे त्या पासबुक भरून घ्यायला आल्या होत्या. भरायचं यंत्र बंद होतं म्हणून काउंटरवर गेल्या, आणि त्या मुलीनं, छातीवरच्या पट्टीवर अंकिता असं नाव होतं, पडद्याकडे बघून आपणहून विषय काढला. "काकू, तुमची ही एफडी फारच कमी रेटला अडकून पडली आहे हो. कोरोनात केलेली दिसते. आता सीनियर सिटिझनला किती देतोय माहीत आहे? मार्चअखेरपर्यंत स्कीम आहे. मोडून टाका आणि नव्यानं करा. थोडा दंड बसेल, झालेल्या दोन वर्षांचं व्याजही कमी धरतील, पण पुढच्या तीन वर्षांत भरून निघेल." मोडायला काय लागतं, असं जयवंताबाईंनी विचारलं, ते केवळ मुलगी इतकं आपुलकीनं बोलली म्हणून. "पावती. आणि दोघांच्या सह्या. मुदतीआधी मोडायची तर दोघंही लागतात." आणि मग ते, काकांना घेऊन या.

बाहेर ऊन टोचायला लागलं होतं. ऑटोवाला रामनगरचे किती म्हणत होता ते त्यांना ऐकू आलं नाही. बसल्यावर कळलं की नेहमीपेक्षा जास्त. आपण खोटं बोललो का, हा विचार मनात आला आणि फार वेळ थांबला नाही. खोटं असं नव्हतं. प्रभाकरराव जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि ते सगळीकडे कळवलं होतं. पेन्शनच्या कचेरीत, रेशनच्या दुकानात, गॅसवाल्याकडे. एकेका ठिकाणाहून नाव निघत गेलं, पोळीचे तुकडे मोडावेत तसं. बँकेचं तेवढं राहिलं. सुरुवातीला टाळेबंदी होती, मग गुडघा धरला, मग कोणी विचारलं नाही. पावतीवर लिहिलेलंच होतं, दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो. व्याज दर तिमाहीला जमा होत होतं, त्यातून औषधं आणि विजेचं बिल भागत होतं. आता वर्षभरापासून भागत नव्हतं, एवढंच. आणि व्याज जमा झाल्याचा मेसेज प्रभाकररावांच्या फोनवर यायचा. तो फोन कपाटावर होता. जयवंताबाई तो चार्ज करून ठेवत. का, असं कोणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बॅटरी फुगते नाहीतर. वर्षातून चार वेळा तो कपाटावर थरथरायचा आणि बँक प्रभाकररावांना प्रिय ग्राहक म्हणायची. जगात ती एकच जागा उरली होती जिथे त्यांना अजून प्रिय म्हणत होते. जयवंताबाईंनी स्वतः कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्या पिढीत तसं म्हणत नसत, आणि म्हणत असते तरी त्यांनी म्हटलं नसतं. त्याला कारण होतं.

ती पावती केली तो दिवस त्यांना आठवत होता. दोघांच्याही तोंडाला फडकं. साहेब काचेमागून ओरडून सांगत होते, "काका, सध्या रेट खाली आहेत. एक वर्षाची करा, मग बघू, वाढले तर बदलता येईल." प्रभाकररावांनी पाच वर्षांची केली. अट्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस पाच वर्षांचं काही करतो, याचं साहेबांना नवल वाटलं असावं. जयवंताबाईंना नाही वाटलं. आता हे काय बोलणार ते त्यांना ठाऊक होतं, आणि सही करता करता ते बोललेच. "साहेब, बसली गाडी सोडू नये." मागे राहील तो, हे वाचून पुढे असंही म्हणाले, "म्हणजे शेवटची गाडी हिची." साहेब हसले. जयवंताबाई हसल्या नाहीत.

प्रभाकरराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. वर्धेच्या स्टँडवर त्या जाळीच्या खिडकीमागे त्यांचं आयुष्य गेलं. गाड्यांची नोंद करायची, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या भांडणात पडायचं, आणि भोंग्यावर पुकारायचं: पुलगाव, देवळी, आर्वी, हिंगणघाट. घरी आल्यावरही त्यांचा आवाज थोडा भोंग्यातून आल्यासारखा असे, जेवायला वाढ म्हटलं तरी एखादी गाडी लागल्यासारखं वाटे. आणि हे एक वाक्य. लोक साध्या गाडीत बसलेले असतात, शेजारी जलद लागते, की सामान घेऊन उतरतात, धावतात; तिकडे जागा नसते, इकडची गेलेली असते. दोन्हीकडून जातात. बसली गाडी सोडू नये. टीव्ही बिघडला की तोच दुरुस्त. डॉक्टर बदलायचा नाही, शिंपी बदलायचा नाही, स्कूटर विकायची नाही. मुलाला, धनंजयला, नागपूरच्या कॉलेजात नंतर जागा मिळाली तरी इथल्याच कॉलेजात शिकवलं. शेजारीपाजारी कौतुक करत, प्रभाकरराव म्हणजे स्थिर माणूस. जयवंताबाई ते वाक्य ऐकलं की उठून आत जात. स्वयंपाकघरात काही नसलं तरी काहीतरी उचलून ठेवत. कधी एखादा शब्द बोलत: "हो, सोडू नये. मग पोचलं काय आणि नाही काय." प्रभाकरराव यावर कधी उलटून बोलले नाहीत. पेपर नुसता दुसऱ्या बाजूला उलटत.

कारण एकदा ती गाडी सोडायला हवी होती. धनंजय तेव्हा पाळण्यात होता. सकाळी स्टँडवरून ते अवेळी घरी आले, गणवेशातच, आणि म्हणाले, आष्टीच्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरनं निरोप आणलाय, तुझ्या आईचं काही खरं नाही. फोन कोणाकडे नव्हते. निरोप ड्रायव्हरांच्या तोंडून यायचे. पोर शेजाऱ्यांकडे ठेवून दोघं निघाली. आर्वी-तळेगावमार्गे आष्टीची साधी गाडी, प्रत्येक फाट्यावर थांबणारी, टपावर कोंबड्यांचे खुराडे. आर्वीच्या स्टँडवर ती गाडी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर चहाला गेला. आणि शेजारच्या फलाटावर वरूडची जलद उभी होती, इंजिन सुरू, आष्टीवरूनच जाणारी. जयवंताबाई, तेव्हा नुसत्या जयवंता, उठून उभ्या राहिल्या होत्या. "उतरा ना, ती निघून राह्यली." आणि प्रभाकरराव खिडकीकडे बघत म्हणाले होते, "बस. बसली गाडी सोडू नये." एवढंच नाही. ते खाली उतरले, आणि पुड्यात आलूबोंडे घेऊन आले. "खाऊन घे." तिकडे आई आणि हा माणूस आलूबोंडे. त्या नको म्हणाल्या तर त्यांनी पुडा मांडीवर ठेवला आणि कधी नव्हे ते चिडून म्हणाले, "खा म्हणतो ना." त्यांनी खाल्ले. वरूडची गाडी धूळ उडवत गेली. त्या तेलाची चव पुढे कित्येक वर्षं, आलूबोंडा दिसला की जिभेच्या मुळाशी यायची.

पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. मामी ओसरीवरून धावत आली आणि गळ्यात पडून म्हणाली, "आत्ताच गेली वं माय. तुह्याच वाटेकडे डोळे लावून होती. आत्ताच." अंगणात बांबू आणून टाकलेले होते. जयवंताबाईंना त्याचा राग आला होता. जीव जायच्या आधीच यांनी बांबू आणले. आईचे पाय गार होते. आईचे पाय नेहमीच गार असत. आत्ताच म्हणजे किती? वरूडच्या गाडीनं आलं असतं तर? हा हिशेब त्यांनी त्या दिवसापासून मनात मांडला तो पुसला नाही. त्यावर व्याज चढत गेलं. बोलून दाखवला नाही कधी. त्यांच्या संसारात भांडण असं कधी झालंच नाही. हा एक हिशेब दोघांच्या मधोमध, ताटातल्या मिठासारखा, डावीकडे थोडासा वाढलेला राही.

धनंजयचा पुण्याहून संध्याकाळी फोन आला, रोज येतो तसा. जयवंताबाईंनी एफडीचं सांगितलं. त्यानं लगेच दुसऱ्या फोनवर आकडे मांडले. "फायदा आहे, पण खूप नाही. दंड जाऊन हातात थोडंच उरतं. तरी मोड. दरमहा तुझे वीज-औषधं सुटतील." मग म्हणाला, "सह्या दोघांच्या कशाला? आई, तू बँकेत अजून सांगितलंच नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

"बँक विचारते का कधी, की बुवा तुमचे मिस्टर आहेत ना?"

"आता विचारलं."

"काय म्हणालीस मग?"

"बरं म्हणाले."

पलीकडे तो हसला की नुसता श्वास सोडला ते कळलं नाही. "दाखला आहे ना? तो दे आणि मोडून टाक. कागदाचं काम आहे, आई." कागदाचंच काम होतं. दाखला लोखंडी कपाटात होता. तरी जयवंताबाई दोन-चार दिवस बँकेत गेल्या नाहीत. दुःख म्हणावं असं काही त्यांना जाणवत नव्हतं. प्रभाकरराव गेले तेव्हाही फारसं जाणवलं नव्हतं; त्या वेळी कोणालाच नीट काही जाणवत नव्हतं. दवाखान्यात आत सोडत नव्हते. घरी फोन आला, कोणीतरी मुलगा होता, आवाज दमलेला. "आजी, आत्ताच गेले हो. त्रास नाही झाला." त्या बरं म्हणाल्या होत्या. तेव्हाही. आता प्रश्न एवढाच होता की मोडायची की राहू द्यायची, आणि तो पैशाचा प्रश्न आहे असं त्या स्वतःला सांगत होत्या. पण कपाटासमोरून जाताना त्यांना वाटायचं की मोडण्यात एक सूक्ष्म गोडी आहे. मुदत पुरी होण्याआधी उतरायचं. त्यांची सही न घेता. चाळीस वर्षं उशिरा का होईना, वरूडची गाडी पकडायची. आणि मग लगेच वाटायचं, ज्याच्यावर राग काढायचा त्याला आधी मेला म्हणून सांगावं लागणार, म्हणजे राग तरी कोणावर?

रविवारी बबनराव आले, धाकटे भाऊ, आष्टीहून. डोळ्यांच्या तपासणीचं निमित्त, आणि मृग बहाराच्या संत्र्यांची पिशवी. त्यांना चष्म्याविना पायरी दिसत नव्हती पण बहिणीतला बदल दिसला. "काऊन वं बाई, वाळून राह्यली. जेवत नाई का?" मग बसले, पिशवीतलंच संत्रं काढून सोलायला लागले. जयवंताबाईंनी चहा टाकला आणि ओट्यापासूनच एफडीचं सांगितलं. भावाशी बोलताना त्यांची भाषा आपोआप आष्टीची व्हायची.

"मोड ना मंग," बबनराव म्हणाले. "माह्या संत्र्याले बाजारात घेऊन गेलो तरी भाव नाई, अन् तुह्या पैशाले घरबसल्या मिळून राह्यला. पैशाचीच बाग लावाले पायजे होती. पाणी नाई, फवारा नाई, वानर नाई."

"मोडूनच टाकतो म्हणतो. आयुष्यात एकदा तरी बसल्या गाडीतून उतरून पायतो."

बबनराव खदखदून हसले. "भाऊजी! काय माणूस होता. बसली गाडी सोडू नये!" त्यांनी भोंग्यातला आवाज काढला, हुबेहूब.

"हसू नको," जयवंताबाई म्हणाल्या. चहाची भांडी त्यांनी खाली ठेवली. पुढचं वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत कोणाजवळ उच्चारलं नव्हतं, आणि ते इतक्या साध्या आवाजात बाहेर पडलं की त्यांनाच कमाल वाटली. "त्या दिवशी आर्वीले उतरलो असतो तर मले आई भेटली असती."

"कोन्त्या दिवशी?"

"आई गेली त्या दिवशी."

बबनरावांनी फोड तोंडात टाकली. "उतरून काय होणार होतं? आई तं पहाटेच गेलती. गाई सुटाच्या आंधी."

"मामी म्हणे आत्ताच गेली."

"अवं, ते तं लेकीले सांगतेतच. लेक बाहेरगावाहून आली का 'आत्ताच' म्हणाचं, 'तुह्या वाटेकडे डोळे होते' म्हणाचं. नाई तं तिच्या जीवाले लागते, मी पोचली नाई म्हणून. आपल्या काकूच्या वेळेस पुष्पाले मीच तसं सांगितलं. दुपार झालती, तरी आत्ताच." त्यांनी बिया तळहातावर काढल्या, कुठे टाकाव्यात म्हणून इकडेतिकडे पाहिलं. "तुले मालूम नव्हतं? मले वाटलं तुले मालूम हाय. भाऊजीले तं होतंच. पयल्या गाडीच्या डायवरजवळ म्याच निरोप देल्ला होता. साफ सांगितलं, आई गेली, बाईले घेऊन या."

जयवंताबाईंनी हात पुढे केला आणि भावाच्या बिया आपल्या हातात घेतल्या. "चहा घे, थंडा होईन," त्या म्हणाल्या.

बबनराव जेवून, दुपारची गाडी पकडायला गेले. दिवाणखान्यात संत्र्याच्या सालींचा वास राहिला. जयवंताबाई खुर्चीत बसून राहिल्या. त्यांच्या डोक्यात विचार येत होते ते घाईनं नव्हे, एकेक फाटा घेत. म्हणजे आर्वीच्या स्टँडवर प्रभाकररावांना ठाऊक होतं. वरूडच्या गाडीनं जाऊन काहीच मिळणार नव्हतं, फक्त अर्धा-पाऊण तास आधी रडणं मिळणार होतं. तेवढा वेळ त्यांनी बायकोजवळ राहू दिला. त्या रस्त्यावर, त्या टपावरच्या कोंबड्यांखाली, तिची आई जिवंत होती, तळेगाव गेलं तरी जिवंत होती. आणि आलूबोंडे. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, रात्रीपर्यंत लेकीच्या पोटात काही जाणार नाही, अंगावर पिणारं पोर वर्धेला ठेवलेलं. परतेपर्यंत दूध तर राहायला हवं. खा म्हणतो ना. खिडकीकडे बघत. ते खिडकीकडेच का बघत होते, हे त्यांनी तेव्हा त्यांच्या मान वळवण्यात वाचलं नव्हतं.

मग एक बारीकशी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि त्या खुर्चीत सरळ झाल्या. त्या दिवसाआधी प्रभाकरराव ते वाक्य कधी म्हणाले होते? लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं त्यांनी एकेक उलगडून पाहिली. पवनारला धाम नदीवर गेले होते तेव्हा? तेव्हा तर परतताना ते दोनदा गाडी बदलून आले होते, हसत, पळत, जयवंताची चप्पल तुटली होती. पहिला रेडिओ त्यांनी महिन्याभरात बदलून आणला होता. शिंपी, हो, शिंपीही बदलला होता, पँट आखूड शिवली म्हणून. त्या दिवसाआधी ते वाक्य नव्हतंच. आर्वीच्या स्टँडवर, इंजिन सुरू असलेल्या गाडीशेजारी, एका बाईला खाली बसवायला त्या माणसाला जे सुचलं ते तो बोलला. आणि एकदा बोलल्यावर ते खरं ठरवायला त्याला पुढे सगळंच तसं करावं लागलं. टीव्ही, डॉक्टर, स्कूटर, पोराचं कॉलेज. सोडली असती एखादी गाडी तर बायकोनं विचारलं असतं, मग त्याच दिवशी का नाही? पाच वर्षांची एफडीसुद्धा. त्या खिडकीशी, साहेबांपुढे, फडक्याआडून, ते अजून त्या आर्वीच्या स्टँडवरच बसलेले होते. आणि या शेजारी.

सांगितलं का नाही? या प्रश्नापाशी जयवंताबाई थांबल्या आणि तो त्यांनी सोडून दिला. कदाचित आधी वेळ आली नसेल, मग उशीर झाला असेल. त्यांनीही बँकेत सांगितलं नव्हतंच की. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली. त्यांनी उरलेल्या दोन पोळ्या आणि संत्र्याची फोड खाल्ली, उभ्यानंच, ओट्याशी. जिभेच्या मुळाशी जुन्या तेलाची चव येते का म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. पावती घेतली, दाखला घेतला, फोन कपाटावरून काढून बंद केला आणि मोज्यांच्या खणात ठेवला. मोडण्यातली ती गोडी कुठल्या कुठे गेली होती. आता तो फक्त व्याजाचा प्रश्न होता, थोड्याशा फायद्याचा, वीज आणि औषधांचा. कोणाला जिंकायचं नव्हतं, कोणाला हरवायचं नव्हतं. एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचं, तिच्यात जागा होती. हे इतकं सोपं असतं हे त्यांना त्र्याहत्तराव्या वर्षी कळत होतं.

बँकेत मार्चअखेरची गर्दी होती. अंकिता तिथेच होती, कपाळावर घाम, केस मागे क्लिपनं घट्ट बांधलेले. तिनं ओळखलं. "आलात काकू? द्या पावती. काका कुठे, बसलेत का मागे?" आणि तिनं खरोखरच मान उंच करून मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं. जयवंताबाईंनीही नकळत मागे पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ वाऱ्याला पासबुक हलवत बसले होते, ते दुसऱ्याचे कोणी होते.

त्यांनी दाखला काढून काउंटरवर ठेवला. चौघडी घातलेला, वरच्या बाजूला नुसतं 'मृत्यू प्रमाणपत्र' हे छापील नाव दिसत होतं. मुलीनं ते वाचलं आणि तिचा हात पावतीवरच राहिला. मागे रांगेत कोणीतरी चुकचुकलं.

"अरे. सॉरी काकू. मी त्या दिवशी..." तिचा आवाज खाली गेला. "कधी झालं हो?"

"आत्ताच," जयवंताबाई म्हणाल्या.

मुलीनं घडी उघडली. तारीख वाचली. एकदा नजर वर करून जयवंताबाईंकडे पाहिलं, मग पुन्हा तारखेकडे. टेबलावरचा छोटा पंखा तिनं त्यांच्या बाजूला वळवला, आणि जिथे दोन सह्यांच्या जागा होत्या त्यातल्या पहिलीवर हलकेच पेन्सिलीनं रेघ मारून, दुसऱ्या जागेवर बोट ठेवलं.